पाणी सोडणारा

माझं काम दुपारनंतरचं.
ओसाकात, दोजिमाच्या तांदूळबाजारात,
वळचणीला एक लाकडी पेटी टांगलेली असते,
तिच्यात जळतो बंदुकीला लावतात तसला सुती तोडा.
तो विझला की बाजार बंद.
निदान वहीत तरी.

माणसं काही बंद होत नाहीत.
हात वरच राहतात, बोटं घेतो घेतो म्हणत राहतात,
आणि इथे तोंडी सौदाही सौदाच.
म्हणून आम्ही चौघं, बादल्या घेऊन.
आधी हाळी.
मग पायांवर.
मग सरळ अंगावर.
नदी दोन पावलांवर आहे, पाण्याला तोटा नाही.

सतरा वर्षं मी हेच करतोय,
पाठ भिजली की कोण कसा दचकतो
त्यावरून नाव सांगेन.

किसाबुरो दचकायचा नाही.
हिगोचा तांदूळ घेऊन बसला होता,
वादळात गलबतं अडकली, आता भाव चढणारच, म्हणून.
भाव उतरला. त्याने आणखी घेतला.
आणखी उतरला,
तर सासऱ्याची मिठाची वखार गहाण टाकून आणखी.
"वळेल," म्हणायचा, शेंडीतून पाणी निथळत असताना,
"उद्या वळेल बघ, गेंपाची."
पुढच्या वसंतात तो माझ्या शेजारी बादली उचलत होता.
पहिल्या आठवड्यातच तळव्यांना फोड.

तोकुबेई मात्र कधी भिजला नाही.
तोडा बोटभर उरला की लाकडी चपला खटखटवत निघायचा,
नफा असो, खोट असो,
मागे वळून न बघता, पुलावरच्या इगळीवाल्याकडे.
त्याच्या बाहीच्या आत शाईने एक आकडा असायचा.
माल घेण्याआधी लिहायचा,
कुठे सोडायचा ते.
मी एकदा विचारलं, आधीच कशाला?
म्हणाला, "घेतल्यावर लिहिणारा हात माझा नसतो."
आणि घ्यायचा किती?
"बुडाला तरी रात्रीचा भात घशाखाली उतरेल इतकाच."

मग आठव्या महिन्यातला तो दिवस.
का, ते मला ठाऊक नाही.
कुणी म्हणतं मुलीचं लग्न होतं,
कुणी म्हणतं तीस वर्षं बरोबर वागून माणूस कंटाळतो.
तोडा विझला, धूर वळचणीला लागला,
आणि तोकुबेई चौकाच्या मधोमध, हात वर.
बाही घसरून उलटी झाली होती कोपराशी.
आतला आकडा आम्हा सगळ्यांना दिसत होता,
त्याला सोडून.
भाव त्या आकड्याच्या कधीच खाली गेलेला.

माझ्या हातात भरलेली बादली.
मी थांबलो.
म्हटलं, हा तोकुबेई आहे, याला कळतं,
निघेल आता.
एक श्वास.
दुसरा.
तेवढ्यात त्याने आणखी दोनशे पोती घेतली.

मग सोडलं पाणी.
त्याच्यावर, आणि त्याच्याविषयी मला जे जे वाटत आलं होतं
त्या सगळ्यावर.

शाई ओघळली, मनगटावरून बोटांच्या टोकांपर्यंत.
तो ती बघत राहिला,
जणू कुणी दुसऱ्यानेच त्याला पत्र धाडलं होतं
आणि ते आत्ता पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच
त्याने सगळा माल विकला, मिळेल त्या भावाने.
घर गेलं नाही. नदीकाठची दोन कोठारं गेली.
संध्याकाळी माझ्यापाशी आला, कोरड्या कपड्यांत.
मला वाटलं, माफी मागेल, नाहीतर मला मागायला लावेल.
म्हणाला, "उशीर केलास."
रागाने नव्हे. हिशेब सांगावा तसं.

तेव्हापासून मी तोड्याकडे बघतो,
तोंडं बघत नाही.
तोडा विझला की बादली.
कोण होता ते नंतर, जमीन पुसताना.

किसाबुरो अजून माझ्या शेजारीच असतो.
तळवे आता घट्ट झालेत, नेम माझ्याहून चांगला आहे.
फक्त पाणी हवेत असतं तेवढ्या वेळात
त्याचे ओठ हलतात.
मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.